खाली कोण आहे

पावणेबाराच्या सुमारास जवाईबुवांनी मला अडवलं, आणि तेही माझ्याच शब्दांत. स्क्रीनवर पिवळी चौकट उमटली: 'हा प्रश्न थोडा वेळ थांबवला आहे. केंद्रात सगळ्यात नवीन असलेली व्यक्ती तुम्हाला तीन गोष्टी विचारेल, मग पुढे जाऊ.' हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. त्यातलं 'मग पुढे जाऊ' तर खास माझं. वाचणाऱ्याला अपमान वाटू नये म्हणून घातलेलं. आज कळलं, की अपमान वाटायचा तो वाटतोच. माझे कान गरम झाले. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मी मान वळवून मागं पाहिलं. दिव्यानी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली होती आणि पंखा नेहमीसारखा घरघरत होता. बेचाळिसाव्या वर्षी, केंद्राच्या जैवसुरक्षेची प्रमुख असताना, मी संशयित झाले होते. मग मला हसू आलं, पण ते थोडं उशिरानं आलं, हे कबूल केलं पाहिजे.

जवाईबुवा म्हणजे आमच्या केंद्रातलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. केंद्र चंद्रपुरात, माशांच्या रोगांवर काम करणारं, अकरा माणसांचं. यंत्राचं खरं नाव इंग्रजी आहे आणि बिलावर दोन ओळी खातं. पण ते आलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली रंगवली, तिथं एसी बसवला, दारात नवं पायपुसणं टाकलं, आणि मे महिन्यात आम्ही अकरा जण मात्र पंख्याखाली उकडत बसलो. तेव्हा दिव्यानी म्हणाली होती, "याचे लाड त जवायापरीस जास्त हायेत." नाव चिकटलं ते चिकटलंच, आता साहेबसुद्धा बैठकीत 'जवाईबुवांना विचारून घ्या' म्हणतात. जवाईबुवा हुशार आहेत यात वाद नाही. आजारी माशाच्या कल्ल्याचा तुकडा तपासून निघालेली माहिती त्यांना द्यावी, तर रोगजंतू कोणता, कुठल्या घराण्यातला, कशानं आवरेल, हे ते पाच मिनिटांत सांगतात. पण ज्याला रोग कसा आवरायचा ते कळतं, त्याला तो कसा वाढवायचा तेही कळतं. हा दुसरा भाग भलत्याच्या हाती पडू नये, म्हणून ती पिवळी चौकट.

माझा प्रश्न तसा घरचा होता. सकाळी ऊर्जानगरहून शहरात येणाऱ्या बसमध्ये बसले होते. देवानंद, माझा नवरा, वीज केंद्रात आहे, म्हणून आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहतो. खिडकीबाहेर झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर होता, नेहमीचाच. तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा, म्हणजे मनसाराम, सिंदेवाहीकडच्या भिवाटोल्याचे ढिवर. तलावातली मासेमारी हाच आमच्या घराचा पिढीजात धंदा. फोनवर ते नेहमी ओरडतात, आवाज तारेतून नाही तर वाऱ्यावरून जातो असं त्यांना वाटत असावं. "बाई, कतला पालथा होऊन राह्यला! आज सकाळपासून सतरा मोजले. तू नेलेल्या कल्ल्याचं काय झालं?" मी म्हटलं, आज कळेल. "आजच पायजे. शनवारी बोटुकली येते." बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, गावातल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेनं ती मागवली होती आणि शनिवारी ती तलावात सोडायची होती. मी म्हटलं, सोडू नका. "तू म्हनतेस त मी थांबतो, पन संस्थेत मी एकटा नाई. मले काहीतरी कागद पायजे. आन हे बी पाय, आपल्या तलावाखाली आनखी तीन तलाव हायेत. सांडवा वाहून राह्यला. खाली त सारी मरळच हाय." सांडवा म्हणजे तलावाचं जादा पाणी खाली जायची वाट, आणि कतला, मरळ हे तलावातले दोन वेगळे मासे. बसमधले चार-पाच जण माझ्या फोनमधून सगळं ऐकत होते. पुढच्या सीटवरच्या एका काकांनी वळून विचारलंसुद्धा, "चुना टाकला का?"

तेव्हा आज संध्याकाळपर्यंत बाबांना कागद पाहिजे होता; नाही तर शनिवारी हजारो पिल्लं रोगाच्या पाण्यात पडणार होती आणि भिवाटोल्याच्या चाळीस घरांचं वर्ष बुडणार होतं. मी केंद्रात आले, चहा न घेता कल्ल्याच्या तपासणीची माहिती जवाईबुवांना भरली आणि लिहिलं: 'या रोगजंतूत कोणते बदल झाले, तर तो कतल्यावरून मरळीवर जाऊ शकेल?' मला तो प्रश्न फार चांगला वाटला. नेमका, धारदार, थोडा अभिमान वाटावा असा. पिवळ्या चौकटीकडं पाहताना मला आठवलं, की अगदी हाच प्रश्न मी पूर्वी एकदा वाचला होता. गेल्या वर्षी एका मोठ्या नावाच्या आणि पत्ता नसलेल्या कंपनीच्या माणसानं तो पाठवला होता. पत्र इतकं सुरेख, की वाचून आपलीच लाज वाटावी: 'मच्छीमार बांधवांच्या हितासाठी'. त्याला मीच अडवलं होतं. तीन प्रश्न गेले, त्यांचं उत्तर आलं नाही, पुन्हा पत्रही आलं नाही. तलाव ठरवून बुडवायचा असेल, एखाद्या भागातला मासा मारून तिथं आपला माल आणायचा असेल, तर हाच प्रश्न विचारावा लागतो, शब्दही हेच लागतात. मी कतल्याच्या काळजीनं लिहिते आणि तो कशानं लिहितो, हे जवाईबुवांनी कसं ओळखावं? त्यांना मी भिवाटोल्याची आहे, माझ्या केसांना लहानपणी माशाचा वास यायचा आणि त्यावरून वर्गात मुली मला चिडवायच्या, यातलं काही माहीत नाही. बरंच आहे म्हणा.

दोन मिनिटांतच पिवळी चौकट हिरवी झाली. मला आनंद झाला, अगदी खरा, पोटातून. सगळ्यात नवीन व्यक्ती म्हणजे प्रफुल. वरोऱ्याचा, चार महिन्यांपूर्वी लागलेला. एम.एस्सी. केलेला, पण नवीन म्हणून त्याच्या वाट्याला काय काय येतं: प्रिंटरची शाई, एसीवाल्याला फोन, पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड, नवीन लोकांची खाती उघडणं. गुणी माणूस. मी उत्तराच्या बटणावर बोट नेलं आणि सहज, अगदी सहज, त्याच्या शेऱ्याकडं नजर गेली. नियमाप्रमाणं तिथं तीन प्रश्न आणि तीन उत्तरं हवीत. त्यानं लिहिलं होतं: 'मॅडम आहेत म्हणून ठीक.'

बोट तिथंच राहिलं. दाबलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. कागद झाला असता, बाबांचं काम झालं असतं, आणि खरं सांगते, मला दाबायचंच होतं. पण त्या चार शब्दांनी काहीतरी टोचलं. राग आला, आणि तो प्रफुलवर आला असं मला आधी वाटलं. इकडं असंच असतं. मोठ्या माणसाला 'काऊन', म्हणजे 'का', विचारायचं नसतं. साहेब दारातून आले की खुर्च्या सरकतात, मॅडमचा कागद आला की सही होते. प्रेमानं होते, हाच त्यातला घोटाळा. गेल्या दोन वर्षांत आम्ही बाहेरच्या किती जणांना अडवलं, ते मी दिल्लीच्या बैठकीत ऐटीत सांगितलं होतं. आतल्या एकालाही कधी अडवलं नव्हतं, हे मला हिरव्या चौकटीकडं बघताना पहिल्यांदा दिसलं. दिव्यानीनं विचारलं, "काय झालं जी, चहा सांगू?" मी म्हटलं, सांग. आणि हात मागं घेऊन बसले, आणि त्या बसण्यात मला आई दिसायला लागली, डोक्यावरून पदर ओढलेली, अठरा वर्षांची, मी तिला तशी कधी पाहिलेलीच नाही तरी.

ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मला तो डोह आतून पाहिल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात ओढा आटतो आणि मध्ये मध्ये डोह उरतात. एका डोहातून दुसऱ्यात वाळूखालून, कुठं वरूनही, बोटभर पाणी झिरपत असतं. वर्षातून एकदा अशा एका डोहात एका झाडाची साल कुटून टाकायची. मासे गुंगतात, वर येतात, हातानं वेचायचे. झाड कोणतं ते मी इथं लिहिणार नाही. बाबांनी मला ते अजून सांगितलेलं नाही, आणि माझी पदवी वनस्पतिशास्त्राची आहे, मला त्याचं लॅटिन नावसुद्धा येतं, तरी मी त्यांच्यापुढं माहीत नसल्याचा चेहरा करते. साल आणणारा एक, कुटणारा दुसरा. आणि पाण्यात टाकण्यापूर्वी, टोपली घेऊन उभा असलेला माणूस कितीही मोठा असो, त्याला तीन प्रश्न विचारायचे: कुठी टाकता, किती टाकता, खाली कोन हाय. विचारायचे कुणी, तर गावात सगळ्यात नव्यानं आलेल्या सुनेनं. ती 'टाका' म्हणाली, तरच टाकायचं. मला लहानपणी वाटायचं, ही नव्या सुनेची गंमत करायची रीत असेल. बाकीच्यांनाही तसंच वाटत असावं, कारण सुना पदराआडून कसंबसं पुटपुटायच्या, सासरे ठरलेली उत्तरं द्यायचे, 'टाका' म्हणून व्हायचं आणि पोरं पाण्यात उड्या मारायची.

आई, म्हणजे गोकुळा, वैनगंगेकाठची. लग्न होऊन दोन महिने झालेले. त्या वर्षी टोपली घेऊन उभा होता माझा आजा, झाडूजी. अख्ख्या पंचक्रोशीत ज्याच्या शब्दापुढं कुणी बोलत नसे असा. आईनं विचारलं, कुठी टाकता. "या डोहात." किती टाकता. "दोन टोपल्या." खाली कोन हाय. "कोनी नाई." आता ती 'टाका' म्हणणार, म्हणून लोक धोतरं खोचून तयार. ती बोललीच नाही. सासूनं मागून ढोसलं. शेवटी पदराआडून आवाज आला, "मामाजी, खाली मंगलीबाईनं आज पहाटे नवा झिरा खांदला हाय. मी आत्ताच त्यातून गुंड भरून आनली." झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत पिण्याच्या पाण्यासाठी उकरलेला खड्डा, गुंड म्हणजे पाण्याची कळशी. काल तो तिथं नव्हता. आज्यानं काल संध्याकाळी स्वतः खालपर्यंत फिरून पाहिलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. पण पाणी भरायला बायका जातात, त्यातही सगळ्यात लांबच्या झिऱ्यावर नव्या सुनेला धाडतात. त्यामुळं आज सकाळी खाली कोण आहे, हे त्या सगळ्या जमावात फक्त तिलाच माहीत होतं. आज्यानं दोन्ही टोपल्या कोरड्या वाळूवर पालथ्या केल्या. गोष्ट इथं संपते, आणि सगळे हसतात. सगळ्यात जास्त बाबा हसतात, कारण ते तेव्हा धोतर खोचून सगळ्यात पुढं उभे होते.

ही गोष्ट मी नियमात घातली तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. 'सगळ्यात नवीन व्यक्ती' का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी काहीतरी भारदस्त बोलले, निःपक्षपातीपणा वगैरे. लाज वाटली असणार. वनस्पतिशास्त्र शिकून, पीएच.डी. करून शेवटी मी माझ्या आईचा पदर कागदावर उतरवला, हे त्या गुळगुळीत टेबलाशी मला म्हणवेना. म्हणजे प्रफुलला मी रीत दिली आणि तिच्यातलं माणूस काढून घेतलं. मग तो बिचारा 'मॅडम आहेत म्हणून ठीक' लिहील नाही तर काय लिहील?

मी उठले. तो एसीच्या खोलीत, पायपुसण्यावर चपला काढून, पाय वर घेऊन बसला होता. मला पाहून दचकून उभा राहिला. "मॅडम, अप्रूव्ह केलं जी मी. नाई झालं काय?" "झालं," मी म्हटलं. "परत घे. मला विचार." त्याला वाटलं त्याचं काही चुकलं, चेहरा पडला. "तुमाले काय इचारू मी? तुमीच त बनवला हा नियम." मग मी त्याला डोह सांगितला, आजा, टोपल्या, झिरा, सगळं, उभ्या उभ्या. सांगताना माझी बोली कधी घसरून गावाकडं गेली मला कळलं नाही. तो आधी ओशाळून ऐकत होता, गोष्ट झिऱ्याशी आली तेव्हा मोठ्यानं हसला. "मंग मी नवी सून झालो ना जी!" "झालास." त्यानं खरंच रुमाल काढून डोक्यावर घेतला, आणि दारात चहाचे कप घेऊन आलेली दिव्यानी ते पाहून इतकी हसली की अर्धा चहा बशीत.

"कुठी वापरनार?" प्रफुलनं विचारलं. मी सांगितलं, भिवाटोल्याच्या तलावासाठी, रोगाचा सल्ला द्यायला. "किती लागनार?" इथं मी पहिल्यांदा अडखळले. शनिवारी पिल्लं सोडायची की नाही, एवढंच बाबांना हवं होतं. त्यासाठी रोग कोणता ते कळणं पुरेसं होतं. तो मरळीवर कसा चढेल, हे कुणी मागितलं नव्हतं. मरळीला तो आत्ता लागलाय का, ते मरळ तपासून कळतं, बदल ठरवून नाही. मग मी ते का विचारलं? काळजीनं, असं मला सकाळी वाटलं होतं. थोडी काळजी होती. बाकी हौस होती, एक चांगला प्रश्न सुचल्याची. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि सांगून बरं वाटलं. "आन खाली कोन हाय?" त्यानं विचारलं. याचं उत्तर मला पाठ होतं. जवाईबुवांची सगळी उत्तरं एका सामायिक फोल्डरमध्ये जातात, ते उघडण्याची परवानगी बेचाळीस जणांना, आम्ही अकरा आणि बाकी आमच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांतले, सगळे ओळखीचे, सगळ्यांची नावं मी स्वतः तपासलेली. "बेचाळीस," मी म्हटलं. "घरचेच."

प्रफुलनं बोटांवर काहीतरी मोजलं. रुमाल अजून डोक्यावर होता. मग म्हणाला, "थांबा जी, मी पाहून येतो," आणि बाहेर गेला. मी आणि दिव्यानी चहा पीत उभ्या राहिलो. एसीच्या गारव्यात चहा फार चांगला लागतो, जवाईबुवांचा हेवा वाटावा इतका. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात छापलेली यादी होती, दोन पानं. "मॅडम, काल साहेबांनी सांगतलं म्हणून मी नवीन खाती उघडली. तीन कॉलेजांच्या प्रशिक्षणासाठी. एकशे साठ. सारे त्याच फोल्डरले जोडले." मी यादी हातात घेतली. एकशे साठ नावं, त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं. बहुतेक पोरंपोरीच, परीक्षेच्या काळजीतली. पण त्यांच्यातला एखादा, किंवा त्यांच्या पासवर्डवर बसलेला भलताच कुणी, माझं धारदार उत्तर सकाळीच उचलू शकला असता. आणि कागदावर कारण काय राहिलं असतं, तर मॅडम आहेत म्हणून ठीक. मी हादरले आणि त्याच क्षणी मला प्रफुलचा फार अभिमान वाटला. "काल नव्हते," मी एवढंच म्हटलं. "आज हायेत," तो म्हणाला.

प्रश्न मी खोडला. नवा लिहिला, अगदी साधा, दहावीच्या पोरीलाही लिहिता आला असता असा: हा रोग कोणता, आणि नवीन पिल्लं कधी सोडावीत? चौकट पिवळी झालीही नसती, पण मी मुद्दाम तो प्रफुलकडं पाठवला. त्यानं तिन्ही प्रश्न पुन्हा विचारले, उत्तरं लिहिली, उत्तर फक्त माझ्याच खात्यात राहील अशी तजवीज केली, आणि शेऱ्यात एक शब्द टाइप केला: 'टाका.' साहेबांनी पुढं तो शब्द वाचून भुवया वर केल्या. मी म्हटलं, तांत्रिक शब्द आहे, राहू द्या. जवाईबुवांनी चार मिनिटांत सांगितलं: कल्ल्यांचा जुनाच रोग, ओळखीचा, पिल्लं तीन आठवडे सोडू नयेत, चुना टाकावा, सांडव्याला बारीक जाळी बांधावी. बसमधल्या काकांचं चुन्याचं बरोबर होतं. मी केंद्राच्या शिक्क्याचा कागद करून बाबांच्या संस्थेला पाठवला. मरळीचं राहिलंच, ते कुणालाही विचारून कळणार नव्हतं. रविवारी बाबांच्या डोंग्यात बसून खालचे तीन तलाव फिरायचं, मरळ धरायची, कल्ले पाहायचे, असं ठरलं. प्रफुल म्हणाला मी पण येतो. त्याला पोहता येत नाही, हे मग कळलं.

जाताना बसमध्ये खिडकी मिळाली. वाटेतल्या झाडांवर तीच राख होती आणि मला उगीचच फार आवडत होती. आईला फोन लावला. मागून बाबांचा आवाज येत होता, ते कागद कुणाला तरी वाचून दाखवत होते, अर्थात ओरडून. मी आईला सगळं सांगितलं, रुमालासकट. ती ऐकत होती. "पोरानं बसल्या जागी सांगतलं का उठून पाहून आला?" "उठून गेला, पाहून आला." "मंग चांगलं हाय पोरगं," आई म्हणाली. "तुले राग आला होता का व?" मी म्हटलं, आला होता, थोडा. "तुह्या आज्यालेबी आला असन. मी त पदर दातात धरून उभी होती. डोहावरून घरी आलो, कोनाच्याच घरी मासा नाई. मी नुसता भात रांधला, मीठमिरची वाढली. वाटलं, आता मामाजी ताट लोटतात." एवढी वर्षं ती गोष्ट ऐकली, पण ती कायम डोहाशीच संपायची, घरापर्यंत कधी आलीच नव्हती. बसनं ऊर्जानगरचं वळण घेतलं तेव्हा मी विचारलं, मग आजा काय म्हणाला?

"काई नाई. सारा भात जेवले," आई म्हणाली, "आन म्हनले, गोकुळाबाई, आनखी वाढ."